तुष्टी : अर्ध्या हळकुंडाने पिवळं होण्याचं शास्त्र

क्रिकेटचा संघ हातातला सामना घालवतो तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'आत्मसंतुष्टता' हा शब्द हमखास असतो. सहज निवडून येणारा पक्ष पडला की विश्लेषकही तोच शब्द काढतात. 'संतुष्ट' हे कौतुक आणि 'आत्मसंतुष्ट' ही टीका, एवढं आपल्याला कुणी न सांगता कळतं. पण टीका नेमकी कशावर आहे असं विचारलं की बहुतेक जण 'गर्वावर' म्हणतात, आणि तिथे गल्लत होते. गर्विष्ठ माणसाला आपल्यापेक्षा खाली कुणीतरी लागतं. त्याशिवाय त्याचा गर्व उभाच राहत नाही. आत्मसंतुष्ट माणूस खोलीत एकटा बसूनही सुखात असतो. तो कुणाला हिणवत नाही, बढाया मारत नाही, कित्येकदा वागायला फार गोड असतो. गाफीलपणा आणखी वेगळा. गाफील माणसाचं लक्षच नसतं. याचं लक्ष असतं, काय करायला हवं हेही ठाऊक असतं. फक्त आता ते करण्याची गरज उरलेली नाही, असं त्याला मनापासून वाटतं. आपल्याकडचा 'अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं' हा वाक्प्रचार या माणसाच्या सगळ्यात जवळ जातो. अंगाला हळद लागलेली असते, ते खोटं नसतं. पण हळकुंड अर्धंच असतं.

या अवस्थेची मला माहीत असलेली सर्वांत बारीक चिकित्सा सांख्यदर्शनात आहे. तिथे तिला सरळ 'तुष्टी' म्हटलंय आणि तिचे नऊ प्रकार सांगितलेत. सांख्य म्हटलं की पुरुष, प्रकृती, सत्त्व-रज-तम एवढं आपल्या कानावर असतं. तुष्टीचं प्रकरण मात्र फारसं कुणी उघडत नाही. ते उघडून बघावं, कारण त्यातली वाक्यं आजही आपल्या घरात जशीच्या तशी बोलली जातात.

आधी थोडी पार्श्वभूमी. सांख्याचा आज हाती असलेला मुख्य ग्रंथ म्हणजे ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका. आर्या वृत्तातले सुमारे सत्तर श्लोक, बस. ग्रंथ साधारण चौथ्या-पाचव्या शतकातला धरतात. सहाव्या शतकात परमार्थ नावाच्या बौद्ध भिक्षूने तो चिनी भाषेत नेला, म्हणजे त्याआधी तो चांगलाच प्रसिद्ध असणार. ईश्वरकृष्णाचं म्हणणं असं की जगात मुळात दोनच गोष्टी आहेत. एक जाणणारा पुरुष आणि दुसरी सतत बदलणारी प्रकृती. बुद्धी, अहंकार, मन, इंद्रियं, पंचमहाभूतं हा सगळा प्रकृतीचा पसारा. पुरुष धरून एकूण तत्त्वं २५. दुःखाचं मूळ एकच, आपण या पसाऱ्यालाच 'मी' समजून बसतो. दोन्ही वेगळे आहेत हे लख्ख दिसणं म्हणजे विवेक, आणि तोच मोक्ष.

आता अडचण बघा. 'पुरुष प्रकृतीहून वेगळा' हे वाक्य कुणालाही दहा मिनिटांत समजावून सांगता येतं. ते ऐकून मान डोलावणं सोपं आहे. पण ऐकून पटणं आणि तसं प्रत्यक्ष दिसणं यांच्यामध्ये मोठं अंतर आहे, आणि ते अंतर अभ्यासानेच कापावं लागतं. ६४ व्या कारिकेत, म्हणजे श्लोकात, ईश्वरकृष्ण 'तत्त्वाभ्यासात्' असा स्पष्ट शब्द वापरतो. तुष्टी येते ती या मधल्या पट्ट्यात.

बुद्धीच्या निरनिराळ्या अवस्थांचे कारिकेत ५० प्रकार मोजलेत. विपर्यय, म्हणजे उलटं ज्ञान, त्याचे ५. अशक्ती, म्हणजे इंद्रियांची आणि बुद्धीची असमर्थता, तिचे २८. तुष्टीचे ९ आणि सिद्धीचे, म्हणजे ध्येय साधण्याचे, ८. या मांडणीतली खुबी अशी की तुष्टी ही चुकीच्या ज्ञानातही टाकलेली नाही आणि असमर्थतेतही नाही. तिला स्वतंत्र खण दिलाय. तुष्ट माणसाला कळलेलं चुकीचं असतं असं नाही, आणि त्याची कुवत कमी असते असंही नाही. तो अज्ञान्याच्या आणि दुबळ्याच्या पुढे आलेला आहे, सिद्धीच्या अलीकडे उभा आहे. म्हणून तर तिथून हलणं अवघड. जो काहीच चाललेला नाही त्याला 'तू पोचला नाहीस' हे पटवता येतं. जो खरोखर बराच चाललाय त्याला ते पटवणं कठीण जातं. ५१ व्या कारिकेच्या शेवटी विपर्यय, अशक्ती आणि तुष्टी या तिघांना सिद्धीचा 'अंकुश' म्हटलंय. हत्तीला अंकुश जसा जागच्या जागी आवरतो, तशा या तिन्ही सिद्धीला पुढे येऊ देत नाहीत.

तुष्टीच्या प्रकारांवर कारिकेच्या अनेक भाष्यकारांनी लिहिलंय, पण मला सर्वांत आवडतो तो मिथिलेचा वाचस्पती मिश्र. त्याची सांख्यतत्त्वकौमुदी नवव्या-दहाव्या शतकातली. तो आधी तुष्ट माणसाची व्याख्या देतो. आत्मा प्रकृतीहून वेगळा आहे हे ज्याने समजून घेतलंय, पण चुकीच्या उपदेशाने तुष्ट होऊन जो पुढे श्रवण-मननाचे प्रयत्नच करत नाही, तो. 'असदुपदेशतुष्ट' हा त्याचा शब्द. या एका शब्दाने सगळं चित्र बदलतं. आपल्याला वाटत असतं की आत्मसंतुष्टता माणसाच्या आतून उगवते, ती त्याची एकट्याची खोड असते. वाचस्पती म्हणतो, ती कुणीतरी त्याच्या कानात घातलेली असते. आणि घालणारा शत्रू नसतो. पहिल्या तुष्टीतला उपदेशक शिष्याला 'वत्स' म्हणतो, दुसऱ्यातला 'आयुष्मन्' म्हणतो. बाळा, असाच राहा, तुला आणखी काही करायला नको. इतकं गोड बोलणारा आपला हितचिंतकच वाटतो.

अशा चार गोड सल्ल्यांवर पहिल्या चार, म्हणजे आध्यात्मिक (आतल्या) तुष्टी उभ्या आहेत : प्रकृती, उपादान, काल आणि भाग्य.

प्रकृती-तुष्टीतला सल्ला असा : विवेक हाही शेवटी प्रकृतीचाच एक परिणाम आहे, तो प्रकृतीच घडवून आणते, मग तू ध्यानाचा अभ्यास कशाला करतोस? हे वाक्य सांख्याच्या शत्रूचं नाही, ते सांख्याच्याच पोटातून आलंय. वासराच्या वाढीसाठी गाईचं दूध जसं आपोआप पाझरतं, तशी प्रकृती पुरुषाच्या मोक्षासाठी प्रवृत्त होते, असं खुद्द ईश्वरकृष्णाने ५७ व्या कारिकेत म्हटलंय. म्हणजे सिद्धांत खरा, फक्त त्यातून 'मग मी बसून राहतो' हा निष्कर्ष खोटा. आपल्याकडे 'पोरगं मुळातच हुशार आहे', 'गाणं आमच्या रक्तातच आहे' ही वाक्यं हीच तुष्टी पोसतात. पोरगं हुशार असतंही. सातवीपर्यंत न अभ्यास करता पहिला नंबर येतोही. त्या हुशारीच्या भरवशावर दहावीत काय होतं ते पुष्कळ घरांनी बघितलेलं आहे.

दुसरी उपादान-तुष्टी, आणि माझ्या मते आजच्या काळात सर्वांत जास्त पसरलेली हीच. 'उपादान' म्हणजे घेणं, हाती धरणं. इथला सल्लागार आधी पहिल्याला खोडतो : नुसत्या प्रकृतीने ज्ञान होत असतं तर ते सगळ्यांनाच झालं असतं, प्रकृती काय सगळ्यांना सारखीच. ज्ञान होतं ते संन्यासाने. तेव्हा तू संन्यास घे, ध्यानाची गरज नाही. कारिकेचा आणखी एक भाष्यकार गौडपाद, त्याच्या भाष्यात तर हे चित्र आणखी ठसठशीत आहे. एक माणूस तत्त्वं समजून न घेताच संन्याशाचे त्रिदंड आणि कमंडलू हातात घेतो आणि याने आपल्याला मोक्ष मिळणार म्हणून समाधानात राहतो. गौडपाद त्याला एका फटक्यात उत्तर देतो, अशाला मोक्ष नाही. याच गौडपादाने सुरुवातीला एक जुना श्लोक उद्धृत केलाय : २५ तत्त्वं जाणणारा कुठल्याही आश्रमात राहो, जटा वाढवलेला असो, मुंडन केलेला असो की शेंडी राखलेला असो, तो सुटतो यात शंका नाही. जटा आणि मुंडन हे दोन्ही टोकांचे वेश त्याने एका ओळीत निकालात काढलेत.

पुण्यात सदाशिव पेठेच्या कुठल्याही अभ्यासिकेत जा. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी गावाकडून आलेली मुलं तिथे जीव तोडून अभ्यास करतात, आणि त्यातलीच काही या तुष्टीत नकळत अडकतात. टेबलावर प्रत्येक विषयाची दोन-दोन पुस्तकं, तीन रंगांचे हायलायटर, भिंतीला चिकटवलेलं वेळापत्रक, फोनमध्ये भरलेल्या नोट्सच्या शेकडो पीडीएफ. हे सगळं जमवताना खरोखर कष्ट पडलेले असतात, घरच्यांचे पैसे लागलेले असतात, आणि त्या ढिगाकडे बघून मनाला जे स्वस्थ वाटतं तेच घात करतं. एक धडा बंद करून तो कोऱ्या कागदावर स्वतःच्या शब्दांत लिहून बघितला की समजतं किती आत गेलंय. पण तसं बघायची वेळच येत नाही, कारण 'तयारी चालू आहे' हे समाधान आधीच मिळालेलं असतं. या मुलांना कुणी आळशी म्हणू नये. ती कमंडलू धरून बसलेली आहेत, आणि तो धरायला त्यांना क्लासच्या जाहिरातींनी आणि प्रेमळ नातेवाइकांनीच शिकवलंय.

तिसरी काल-तुष्टी. संन्यास घेतला म्हणून लगेच मोक्ष मिळत नसतो, वेळ परिपक्व झाली की तो मिळेल, उगाच उतावीळ होऊ नकोस. मराठीत 'वेळ आली की सगळं होतं' असं म्हणून आपण एकमेकांचं सांत्वन करतो आणि दुःखाच्या प्रसंगी ते योग्यही असतं. पण शिकण्याच्या बाबतीत त्यात एक फट आहे. योगसूत्रांतही अभ्यासाला काळ लागतो असंच सांगितलंय, फक्त तिथलं वाक्य पूर्ण आहे : दीर्घकाळ, अखंड आणि आस्थेने केलेला अभ्यास पक्का होतो. काल-तुष्टी त्यातला 'दीर्घकाळ' तेवढा ठेवून घेते आणि 'अखंड' व 'आस्थेने' हे दोन शब्द गाळते. आपण वीस वर्षं याच कामात आहोत, असं सांगणाऱ्या माणसाला त्या वीस वर्षांत काय काय बदललं हे विचारून पाहिलं की कळतं, त्याने सगळं वाक्य जगलंय की पहिला शब्दच.

चौथी भाग्य-तुष्टी. ज्ञान ना प्रकृतीने होतं, ना संन्यासाने, ना काळाने. ते नशिबानेच होतं. पुरावा काय, तर पुराणातल्या मदालसा राणीची मुलं. अगदी लहान वयात, आईच्या नुसत्या उपदेशाने त्यांना विवेक झाला आणि ती मुक्त झाली. वाचस्पती हे उदाहरण सल्लागाराच्या तोंडी घालतो आणि पुढे जातो. मला मात्र इथे थांबावंसं वाटतं, कारण मार्कंडेय पुराणातली मदालसेची कथा पूर्ण वाचली तर ती या सल्ल्याच्या विरुद्धच साक्ष देते. मदालसेने पहिल्या तिघा मुलांना पाळण्यात असल्यापासून 'तू शुद्ध आहेस' असं सांगत वाढवलं. ते नशिबाने कळलं म्हणायचं, तर त्या नशिबाला आईने रोज घातलेलं खतपाणी विसरावं लागतं. आणि चौथा मुलगा अलर्क? त्याला तिने राजधर्म शिकवला. तो राज्य करण्यात रमला, पुढे शत्रूने घेरल्यावर खचला, आणि मग दत्तात्रेयांकडे गेला. ज्या दत्तात्रेयांसाठी आपण नृसिंहवाडीला जातो, त्यांनी त्याला योग शिकवला, त्याने प्रश्न विचारले, पुन्हा शिकला. एकाच आईची चार मुलं, चौघांनाही ज्ञान झालं, आणि त्यातल्या एकालाही ते न शिकता झालं नाही.

बाकीच्या पाच तुष्टी बाह्य. त्यांत माणूस विषयांपासून, म्हणजे इंद्रियांच्या भोगांपासून, दूर होतो, पण समज आल्यामुळे नाही, कटकट नको म्हणून. मिळवण्यात कष्ट, मिळवलेलं राखण्यात कष्ट, ते संपण्याचं दुःख, भोगताना वाढणारी हाव, आणि दुसऱ्याला दुखावल्याशिवाय भोग घडत नाही ही जाणीव, अशी पाच कारणं. पहिल्याचं उदाहरण म्हणून वाचस्पती एक झकास श्लोक देतो : माजोरड्या धन्याच्या दारावरच्या दंडधारी पहारेकऱ्याने दिलेल्या 'अर्धचंद्रा'ची कळ आठवली, तर कुठला शहाणा नोकरीला चिकटून राहील? अंगठा आणि तर्जनी ताणून मानगुटीला धरून बाहेर ढकलणं म्हणजे अर्धचंद्र. 'त्याला अर्धचंद्र दिला' असं मराठीत आपण अजून म्हणतो. हे वैराग्य खरंच असतं, पण त्याला ज्ञानाची जोड नसते. नुसत्या वैराग्याने फार तर प्रकृतीत लय होतो, मोक्ष नाही, हे कारिकेने आधीच, ४५ व्या श्लोकात, सांगून ठेवलंय. नोकरीला वैतागून शहर सोडणारा आणि त्या सोडण्यालाच शहाणपण समजणारा माणूस या गटातला.

इथपर्यंत वाचून कुणीही विचारेल, मग संतोषाचं काय? तो तर आपण सद्गुण मानतो, आणि 'तुष्टी' व 'संतोष' दोन्ही 'तुष्' या एकाच धातूचे. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर सांख्याच्या जोडीदार दर्शनात मिळतं. योगसूत्रांनी संतोषाला पाच नियमांत बसवलंय आणि त्याचं फळ 'अनुत्तम सुख', म्हणजे ज्याच्यावर दुसरं सुख नाही असं सुख, म्हटलंय. त्या सूत्रांवरचं व्यासभाष्य संतोषाचा अर्थ सांगतं : हाताशी जेवढी साधनं आहेत त्याहून जास्त घेण्याची इच्छा नसणं. म्हणजे संतोष वस्तूंच्या बाबतीतला आहे. मला किती मिळालं याबद्दलचा. तुष्टी आहे ती मला किती कळलं आणि मी किती केलं याबद्दलची. एकच भावना, पण तिची जागा बदलली की एकदा साधन होते आणि एकदा अडसर.

चाणक्याच्या नावावर असलेल्या एका सुभाषितात हा हिशोब अगदी रोखठोक मांडलाय. संतोष तीन ठिकाणी ठेवावा, आपली पत्नी, जेवण आणि धन. तीन ठिकाणी मुळीच ठेवू नये, अध्ययन, तप आणि दान. याच्या नेमकं उलट वागणारा माणूस महाभारतात आहे. 'असंतोष हे वैभवाचं मूळ, म्हणून मला तोच हवा' असं सभापर्वात दुर्योधन म्हणतो. युधिष्ठिराचं ऐश्वर्य बघून जळत असताना तो हे धृतराष्ट्राला सांगतोय. संपत्तीच्या बाबतीत तो कधी तृप्त झाला नाही, आणि आपण योग्य तेच करतोय याविषयी त्याला शेवटपर्यंत शंका आली नाही. महत्त्वाकांक्षी भाषणांत हल्ली हे वाक्य वक्त्याचं नाव न घेता फिरतं, ते मला खटकतं. असंतोषाचा दुसरा, निरोगी अर्थ आपल्याकडे टिळकांमुळे रुजलाय. व्हॅलेंटाईन चिरोल या ब्रिटिश पत्रकाराने १९१० साली त्यांना भारतीय असंतोषाचे जनक म्हटलं ते आरोप म्हणून. त्याच्या लिखाणाबद्दल टिळकांनी लंडनला जाऊन दावाही लढवला, १९१९ साली तो ते हरले. आणि तरी 'असंतोषाचे जनक' हे शब्द मराठी माणसाने मानाचं बिरुद करून ठेवले. समाधानी समाजाला अस्वस्थ करणं हे मोठं काम आहे, हे त्या पिढीला कळलं होतं.

तेव्हा 'आत्मसंतुष्ट' हा शब्द कुणावर वापरताना जरा बघून वापरावा. कमी पगारात नीटनेटका संसार करून आनंदात असलेल्या माणसाला तो लावणं हा अन्याय आहे. त्याचा तो संतोष आहे. बढती न मागणाऱ्या शिक्षिकेलाही लावू नये. पण तीच शिक्षिका दरवर्षी त्याच पिवळ्या पडलेल्या वहीतून तोच धडा शिकवत असेल आणि 'माझी शिकवण्याची पद्धत ठरलेली आहे' म्हणत असेल, तर तिथे शब्द बरोबर बसतो. आपल्या भाषेचा अभिमान असणं ही तुष्टी नाही. भाषा अभिजात ठरली म्हणून आता घरातल्या मुलांना ती वाचायला शिकवायची चिंता मिटली असं वाटणं, ही उपादान-तुष्टी आहे.

तुष्टीवर कारिकेने वेगळं औषध सांगितलेलं नाही. पण तिच्या लगेच पुढे येणाऱ्या आठ सिद्धींत ते आहेच. स्वतः तर्क करणं, शब्दाचा अर्थ समजून घेणं, अध्ययन, आणि त्यांच्या बरोबरीने एक 'सुहृत्प्राप्ती', म्हणजे मित्र मिळणं. मोक्षशास्त्राच्या यादीत मित्र कशाला, असं पहिल्यांदा वाचताना वाटतं. वाचस्पतीचा खुलासा असा की माणसाने एखादी गोष्ट स्वतः युक्तीने तपासून घेतली असली, तरी गुरू, शिष्य आणि सहाध्यायी यांच्याशी तिची चर्चा होऊन मेळ बसेपर्यंत तो तिच्यावर विश्वास ठेवत नाही. त्या यादीत शिष्यही आहे, हे विशेष. आपल्याहून लहानासमोरही आपलं म्हणणं तपासायला ठेवायचं. पहिल्या चार तुष्टींत 'बाळा, आता काही करू नकोस' म्हणणारे सल्लागार एकेक करून येतात. त्यांच्या जागी इथे तीन प्रकारची माणसं येऊन बसतात आणि विचारतात, हे तू कशावरून म्हणतोस?